ताळीमाडाचा घरधनी

वडिलांच्या, दिनानाथांच्या, वर्षश्राद्धाचं पान हातात धरून उमंग वाडीच्या कुंपणाशी उभा होता, आणि कावळा काही येत नव्हता. दोन हजार तेवीस साल, आश्विन नुकता लागलेला. ओटीवर माणसं उपाशी खोळंबली होती. आईने आतून दोनदा विचारलं होतं, "शिवला का रे?" कावळ्याला मोठ्याने बोलवावं लागतं हे उमंगला ठाऊक होतं, पण मोठ्याने कोणालाच बोलवायची त्याला सवय नव्हती. तो ओठातल्या ओठात "काव, काव" म्हणाला आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघू लागला.

ऐकलं होतं. कुंपणापलीकडे तेजस्वी टेम्पोत भाजीचे क्रेट चढवत होती.

"शेठ, कावल्याच्या कानात सांगताय काय? असं बोलावलं तर कावला पन लाजंल."

तिने क्रेट खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "काऽव, काऽव! या ओ, जेवान वाढलंय!"

चार वाड्यांतले कावळे उठले. त्यातला एक येऊन कुंपणावरच्या उंच ताळीमाडाच्या शेंड्यावर बसला. उमंगने वर बघितलं आणि त्याची मान तशीच राहिली. जिथून माडाचं नवं पान निघायचं, तिथून या खेपेला पान निघालं नव्हतं. फिकट पिवळा, मांडीएवढा जाड, भाल्यासारखा एक कोंभ सरळ आभाळात घुसला होता. जन्मभर ज्या झाडाखाली वावरला, ते झाड आपल्याला न सांगता काहीतरी करायला निघालंय, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी कावळा उमंगच्या हातातल्या पानावर बसून जेवला, असं पुढे आळीत सांगत. खरं म्हणजे उमंगला ते कळलंच नव्हतं.

गिरीजमध्ये उमंगच्या घराला अजून मोठं घर म्हणतात. जत्रेतला पहिला नारळ त्या घराचा आणि पालखी टेकते तीही त्याच दारात. राजेळी केळी, नारळ, सोनचाफा अशी भरली वाडी, आणि तिचा एकुलता एक वारस असा, की वाण्याने साखरेऐवजी मीठ बांधलं तरी मुकाट्याने घेऊन यायचा. चाळिशी दारात आली होती. मुली पाहायला गेला की त्याची मान वर होत नसे. एका ठिकाणाहून परत आल्यावर प्रमोदिनीने, त्याच्या आईने, विचारलं, "मुलगी कशी होती?" तर बराच विचार करून म्हणाला, "पायाची नखं स्वच्छ होती."

शेजारची वाडी हरेशने घेतली होती. खाडीकडची भातशेती विकून तो मुलीला घेऊन इकडे आला, तेव्हा आळीने नाक जरासं मुरडलं. पण मुलीपुढे नाक मुरडून फार वेळ कोणाला राहता येत नसे. तेजस्वी स्वतः टेम्पो चालवायची. भाजी आणि फुलं घेऊन पहाटे एव्हरशाईन सिटीच्या इमारतींकडे जायची, बारा वाजायच्या आत टेम्पो रिकामा करून यायची. बघायला आलेल्या एका मुलाने सांगितलं, लग्नानंतर टेम्पो सोडावा लागेल. ती म्हणाली, "टेम्पो राहील, तुमी सुटा." सगळी आळी उमंगला उमंगभाऊ म्हणे. तेजस्वी शेठ म्हणायची. भाऊ तिने कधी म्हटलं नाही.

दोन घरांत बोलणं व्हायचं ते ताळीमाडावरून. माड बरोबर कुंपणावर उभा होता. उमंगच्या पणजोबांनी मचव्यातून मलबाराकडून त्याचं बी आणलं आणि दिनानाथांच्या बारशाला लावलं. त्याचं एकेक पान एवढं, की खाली सनई-चौघडा बसावा. ते वाळून पडलं की जमीन दणके. पहिल्याच पावसाळ्यात एक पान हरेशच्या मोगऱ्यावर पडलं. तेजस्वी कुंपणाशी येऊन अर्धा तास बोलली. उमंग कोयता घेऊन आला, खाली मान घालून पान तोडलं आणि ओढत नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोच्या सीटवर राजेळीची एक फणी ठेवलेली होती.

मग तो शिरस्ताच पडला. पान पडलं, की फणी. हरेश म्हणायचा, "माड कचरा टाकतो आनि शेठ केली देतो. बरा धंदा हाय." पण वारा सुटला की तेजस्वी कामं टाकून अंगणात येते आणि वर बघत उभी राहते, हे त्यालाही दिसत होतं.

प्रमोदिनीने तो कोंभ बघितला आणि ती पायरीवर बसली.

"फुलायला आला," ती म्हणाली. "फुलला की घरधनी नेतो."

"आई, तसं काही..."

"आगाशीला माझ्या मामांच्या दारात फुलला होता. मामा धडधाकट होते. बी पडायच्या आत गेले." तिने पदराने तोंड पुसलं. "एक गेला. दुसरा मी देणार नाही. उमलायच्या आत पाडून टाकू."

उमंगने फोनवर वाचलं होतं. ताळीमाड आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलला की स्वतःच मरतो. माणसाचा त्यात काही संबंध नाही. हे आईला सांगायचं त्याने ठरवलं. पण वर्षभरापूर्वी विधवा झालेल्या बाईला काय सांगायचं, आणि कसं? कोंभ वाढत राहिला. उमंग रोज उजाडताना गच्चीवर जायचा. काल जिथे टोक होतं तिथे आज नसायचं. ते वर गेलेलं असायचं. नारळ खाली राहिले, सुपारी तर कुठल्या कुठे. हात लावावा असं वाटे आणि हात जोडले जात.

कुंपणापलीकडे दुसरं कोणीतरी रोज त्याच वेळी वर बघत उभं असायचं. टेम्पो चालू करून, आत न बसता.

मार्गशीर्षात एका सकाळी सेबॅस्टियन आला. झाडं पाडायचं काम त्याचं. खांद्यावर करवतीचं मशीन, कमरेला दोरखंड. त्याने वर बघितलं, मशीन खाली ठेवलं आणि आधी क्रुसाची खूण केली.

"बाय, ह्याला पाडायचा?"

"पाडायचा," प्रमोदिनी म्हणाली.

उमंग बावखलाच्या काठावर उभा होता. वाडीतलं ते तळं थंडीने वाफाळत होतं. 'आई, माड राहू दे.' एवढंच बोलायचं होतं. आठ दिवस तो हे केळीच्या झाडांपुढे म्हणून बघत होता. केळींना एव्हाना पाठ झालं असेल. सेबॅस्टियनने दोर बांधला. मशीन सुरू झालं. उमंगचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

रस्त्यावर टेम्पोचा ब्रेक करकरला. तेजस्वी कुंपणाच्या फटीतून, ओढणी काट्यात सोडून, तशीच आत आली.

"बंद करा ते! कोनाच्या माडाला हात लावताय?"

"आमच्या," प्रमोदिनी म्हणाली.

"आमचा हाय तो."

सेबॅस्टियनने मशीन बंद केलं.

"पोरी," प्रमोदिनी म्हणाली, "तुझा बाप इथे आल्यापासून ओरडतोय, 'माड तुमचा, कचरा तुमचा.' आणि आज तुमचा झाला?"

"बाबा काय पन बोलतात, काकी. कुंपन वाकडं हाय. नीट मापलं तर माड आमच्यात येतो. आनि आमी पाडनार नाय."

"फुलला की काय होतं माहीत आहे ना?"

"ठावं हाय. घरधनी नेतो." तेजस्वीने कपाळावरचे केस मागे सारले. "वाडी माझ्या नावावर हाय. म्हंजे मी. तुमच्या घराला त्याचं काय? जायचं तर मी जाईन."

मेथीची जुडी कितीला, हे सांगावं तशी ती म्हणाली.

"नाही!"

बावखलावरचा खंड्या उडाला. उमंगला वाटलं, सेबॅस्टियन ओरडला. मग सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून त्याच्या लक्षात आलं, की आवाज आपला होता.

"माड माझा आहे," तो म्हणाला, आणि थांबायचं कसं ते त्याला कळेना. "माझ्या पणजोबांनी लावला. पानं माझी, कचरा माझा. काय व्हायचं ते मला होईल. तेजस्वीला काही होता कामा नये."

तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.

"तुमाला कोनी विचारलं, शेठ?" ती म्हणाली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "माड आमचा."

"माझा म्हणतो ना!"

"मापून घ्या!"

"घे मापून! इंचभर तुझ्यात आला, तरी माझाच!"

सेबॅस्टियनने डोक्यावरची टोपी काढली. "बांधावरच्या झाडापायी डोकी फुटलेली बघितली मी," तो प्रमोदिनीला हळूच म्हणाला. "पन हे असलं भांडान नाय बघितलं."

प्रमोदिनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती मुलाकडे बघत होती. त्याची मान लाल झाली होती, पण वर होती. त्याच्या डोळ्यांचा रंग बापासारखा आहे, हे ती विसरून गेली होती. मग तिने त्या मुलीकडे बघितलं. तिच्या दंडावर काट्याचा ओरखडा उमटला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"दोघं गप्प बसा," प्रमोदिनी म्हणाली. "ह्यांनी जाण्याआधी वाडी माझ्या नावावर केली. माड कुंपणाच्या अलीकडेच आहे, मी सून म्हणून आले तेव्हापासून आहे. घरधनी मी."

"आई, असं काय..."

"आत्ता कुठे बोलायला लागलास, ते माझ्यावर नको."

"मग पाडायचा का नाय?" सेबॅस्टियनने विचारलं.

प्रमोदिनीने माडाच्या बुंध्याला हात लावला. मोठ्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली.

माघात माड उमलला. एका पहाटे उमंग गच्चीवर गेला आणि दारातच थांबला. शेंड्यावर दुसरं झाड उगवलं होतं, सगळंच्या सगळं फुलांचं. साईच्या रंगाचे तुरे, फांदीला फांदी, त्यावर आणखी बारीक फांद्या, एका घराएवढे उंच. सूर्य अजून वर यायचा होता, पण माडावर उजेड आधीच होता. सगळी वाडी गुणगुणत होती. आधी त्याला कळेना, हा आवाज कसला. मग कळलं, मधमाश्या. एवढ्या, की पायाखालची लादी थरथरतेय असं वाटावं. तो खाली धावला, कुंपणाशी गेला आणि कावळ्यालाही ऐकू जाईल अशी हाक मारली, "तेजस्वी!"

ती आधीच उभी होती. दोघंही वर बघत राहिली.

बघायला गाव लोटला. अर्नाळ्याचे कोळी म्हणाले, होडीतून दिसतो. एव्हरशाईन सिटीतली माणसं फोन वर धरून आली आणि फोन खाली करून उभी राहिली. प्रमोदिनी रोज खुर्ची टाकून माडाखाली बसायची. तिने मनातून जायची सगळी तयारी केली होती. चांगल्या साड्या वाटून टाकल्या, लोणच्याच्या मिठाचं प्रमाण तेजस्वीला सांगितलं, देवाची भांडी घासून ठेवली. फाल्गुनात उमंग-तेजस्वीचं लग्न उरकलं तेही घाईने, तिला बघायचं होतं म्हणून. मांडव माडाखालीच घातला. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि अक्षता पडायच्या आधीपासून वरून बारीक फुलं पडत होती. नवऱ्या मुलाची मान सबंध वेळ वर होती. हरेश ओरडला, "शेठ, हार खाली हाय, खाली!"

फुलं गेली, फळं धरली. पाऊस आला आणि गेला. प्रमोदिनी वाट बघत राहिली. दिवाळीत तिला साधा ताप आला, तर तिने सगळ्यांना बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि सुनेने लोणच्यात मीठ जास्त घातलं म्हणून तिच्याशी भांडली.

"काकी असताना बऱ्या होत्या," तेजस्वी म्हणाली. "आई झाल्यापास्नं लय बोलतात."

"मेले असते म्हणजे समजलं असतं."

पुढच्या उन्हाळ्यात बिया पडू लागल्या. गोट्यांसारख्या टणक, पत्र्यावर ताडताड वाजत. पानं एकेक करून खाली मान टाकत होती. उमंग ती तोडायचा, आणि सवयीने एक फणी टेम्पोच्या सीटवर ठेवायचा. टेम्पो आता याच अंगणात उभा असायचा.

एका संध्याकाळी प्रमोदिनीने एक बी उचललं, पदराला पुसलं आणि दाभणाने त्याला भोक पाडलं. पोरांना दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधतात, तो बजरबट्टू हाच. तिने त्यात काळा दोरा ओवला आणि तो तेजस्वीच्या मुठीत ठेवला.

"आत्ताच नको काढूस बाहेर," ती म्हणाली. "आधी येऊ दे त्याला."

तेजस्वीने मूठ मिटली. ही गोष्ट तिने अजून उमंगलाही सांगितली नव्हती.

दिनानाथांच्या बारशाला लावलेला ताळीमाड दोन हजार पंचवीसच्या वैशाखात मेला. त्या घरात दुसरं कोणी मेलं नाही.