सिद्धराम अण्णाची बिअर आणि बनाबाईचा दुखवटा

बनाबाई गेली तेव्हा जोतीराम रडला नाही, आणि मंगळवार पेठेतल्या बायकांनी ते बरोबर ध्यानात ठेवलं. काविळीचं निमित्त झालं आणि मार्गशीर्षात चालतीबोलती बाई आठवड्याच्या आत गेली. दहाव्याला कावळा शिवला, तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि जोतीराम उद्यमनगरातल्या फौंड्रीत साच्यांत लोखंड ओतायला परत हजर झाला. दगडाच्या काळजाचा माणूस, असं गल्ली म्हणाली. गल्लीचं काय, तो गडाबडा लोळला असता तर नाटकी म्हणाली असती.

खरी गोष्ट एवढीच होती की त्याला काहीच होत नव्हतं. दुःखसुद्धा होत नव्हतं. भूक लागत नव्हती आणि तोंडात घातलेल्या घासाची चव कळत नव्हती. लेकीनं, आक्कानं, ताट मांडलं की तो जेवायचा आणि ताट संपलं की उठायचा. एकदा आक्का आमटीत मीठ घालायला विसरली. बापानं ती आमटी मुकाट्यानं भुरकून संपवली. पोरगी स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला आपली चूक कळली आणि बापाचं काय झालंय तेही कळलं. फौंड्रीतला त्याचा जोडीदार मीरासाब म्हणाला, दिवसभर काही खाऊ नकोस, रोजा सोडताना नुसत्या पाण्यालासुद्धा गोडी येते. जोतीरामनं तेही करून पाहिलं. संध्याकाळी पाणी प्याला. ते ओलं होतं, एवढंच त्याला सांगता आलं.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आक्काचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा मलकापूरचा, एसटीत कंडक्टर. स्थळ बनाबाईनंच जमवलेलं होतं. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा तर सगळ्यांचाच रिवाज. मुलाच्या आजीला तीन वर्षांचा भरवसा नव्हता, आणि वैशाखात बार उडत नसेल तर आम्ही दुसरी पोरगी बघतो, असा स्वच्छ निरोप तिनं धाडला होता. आक्कानं दाराशी बसून रुखवताचं तोरण विणायचं बंद केलं.

आडवं येत होतं ते बनाबाईच्या माहेरचं एक शास्त्र. कोडोलीच्या त्या भावकीत दुखवटा नुसता टॉवेल-टोपी देऊन निघत नसे. भावकीतली पाच माणसं पंगतीला बसवायची, माहेरच्या माणसानं आपल्या हातानं मागं राहिलेल्याच्या पुढ्यात खाणंपिणं ठेवायचं, आणि पहिला घास गिळला की विचारायचं, ‘गोड लागलं का?’ त्यानं ‘गोड लागलं’ म्हटलं की दुखवटा निघाला. तोवर गेलेलं माणूस उंबऱ्याशी थांबून असतं. तो शब्द कानावर पडला की ते भरल्या पोटी वाटेला लागतं, आणि कुणी तो शब्द खोटा उच्चारला तर उपाशी वाटेला लागतं. तो उंबरा ओलांडून कार्याची हळद मात्र त्याआधी घरात येत नाही.

बनाबाईचा भाऊ ज्ञानू, म्हणजे जोतीरामचा मेव्हणा, हे सगळं सोपं समजून चालला होता. माघात त्यानं कोडोलीत बकरं कापलं. भावकी बसली, रस्सा वाढला, जोतीरामनं घास घेतला, ज्ञानूनं विचारलं. सगळ्यांचे हात थांबले. जोतीराम बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, “कळंना.” पंगत तशीच जेवून उठली. ज्ञानूची बायको चुलीपुढं बसून रडली, कारण तिला वाटलं, दाजींनी तिच्या हाताला नावं ठेवली. तिनं त्यानंतर किती दिवस रश्शाचं नाव काढलं नाही.

फाल्गुनात ज्ञानूनं पाचही माणसं पन्हाळ्यावर नेली. वर हवा चांगली, माणसाला भूक लागते, असा त्याचा हिशेब. झुणका-भाकर आणि खरडा. खरड्यानं जोतीरामच्या डोळ्यांना पाणी आलं, ते बघून सगळे आशेनं पुढं सरकले. पण ते पाणी मिरचीचं होतं. जोतीराम पुन्हा म्हणाला, “कळंना.” एका म्हाताऱ्यानं तिथंच सुचवलं की बाबा, शब्द तर टाक, कोण तुझ्या जिभेत शिरून बघतंय. जोतीरामनं नकाराची मान हलवली. बनाबाईला त्यानं आयुष्यात फार काही दिलं नव्हतं, पण ती असेतोवर तिच्या ताटात कधी कमी पडू दिलं नव्हतं.

मग चैत्र लागला आणि ज्ञानूच्या डोक्यात प्रकाश पडला. दाजीला बिअर आवडायची. फौंड्रीच्या धगीतून बाहेर आलेल्या माणसाला आवडणारच. पगाराच्या दिवशी एक बाटली, साधी, कडू, गार, एवढाच त्याचा शौक. शास्त्रात पदार्थाचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि त्या वर्षी सगळ्या कोल्हापुरात एकच नाव गाजत होतं: सिद्धराम अण्णाची बिअर.

दारूबंदी सैल होऊन थोडी वर्षं झाली होती. परमिट रूम जागोजाग निघाल्या होत्या, पण सिद्धराम अण्णाची गोष्ट वेगळी. बाटल्या त्याच्याकडंही बाहेरूनच यायच्या, पण तो त्या तशाच देत नसे. गुळाचं आणि आल्याचं पाणी तो घरी रांजणात आंबवायचा आणि बिअरमध्ये आपल्या हातानं मिसळायचा. उन्हाळ्यात कोकमाची, पुढं जांभळाची. मातीच्या पेल्यात द्यायचा. इचलकरंजीचे कारखानदार मोटारीनं यायचे, मिरजेचे डॉक्टर यायचे, आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसायचे. असा लौकिक झाला की मग आवडून घ्यावंच लागतं. तिथं जाऊन तोंड वाकडं करणारा माणूस एकतर अडाणी ठरायचा, नाहीतर आजारी. बरेच जण घटाघटा पिऊन ‘वा’ म्हणायचे आणि घरी जाऊन लिंबू चोखायचे.

गंमत म्हणजे सिद्धराम अण्णानं स्वतः तिचा थेंब कधी चाखला नव्हता. गळ्यात लिंग बांधलेला माणूस, तंबाखूसुद्धा खात नसे. धंदा थोरल्या भावाचा होता, तो गेल्यावर अंगावर पडला. मग चवीचं काय? तर गिऱ्हाइकानं पहिला घोट घेतला की अण्णा काउंटरवरून त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. कपाळाला आठी पडली की दुसऱ्या दिवशी आलं कमी.

रविवारी दुपारी ज्ञानू पाच माणसं आणि जोतीरामला घेऊन तिथं पोचला. कोपऱ्यातली दोन टेबलं जोडून पंगत झाली. ज्ञानूनं पेला आपल्या हातानं जोतीरामपुढं ठेवला. आजूबाजूला कौतुकाचा कल्लोळ चालला होता. कुणी म्हणत होता असली मुंबईतही मिळायची नाही, कुणी दुसरा पेला मागवत होता. पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं मात्र एक घोट घेऊन उरलेला पेला कुणाचं लक्ष नाही असं बघून शोभेच्या झाडाच्या कुंडीत ओतला. त्याची जीभ शाबूत होती, त्यामुळं त्याला पळवाट तरी होती.

जोतीरामनं पेला उचलला. त्यानं मनापासून प्रयत्न केला, हे कुणीही सांगितलं असतं. घोट तोंडात धरला, डोळे मिटले, जिभेवर घोळवला. दातांना गार लागलं. पेल्याची ओली कड ओठाला खरखरीत लागली. त्यापलीकडं काही नाही. त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही.

ज्ञानू विचारणार, एवढ्यात सिद्धराम अण्णा काउंटर सोडून टेबलाशी आला. त्याला राग आला नव्हता. त्याला काळजी वाटत होती.

“पावणं, मी रोज शंभर तोंडं बघतो,” तो म्हणाला. “आवडली तर दिसतं, न्हाय आवडली तरी दिसतं. तुमच्या तोंडावर कायबी दिसंना.”

“तुमच्या मालात खोट न्हाय, अण्णा,” जोतीराम म्हणाला. “बायको गेल्याधरनं मलाच काय लागंना झालंय. कशाचंच.”

हे त्यानं आजवर कुणाला असं सांगितलं नव्हतं. ‘कळंना’ म्हणायचा, तेवढंच. सिद्धराम अण्णानं मान हलवली, पैसे घेणार नाही म्हणाला, आणि परत आपल्या जागी गेला. त्यानं जोतीरामकडं पुन्हा पाहिलं नाही.

ज्ञानूचा चेहरा उतरला. तो मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता हळू बोलला. “दाजी, मलकापूरच्या आजीचं मानूस उद्या येणार हाय. तारीख द्या न्हायतर सोडा, म्हणत्यात. मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार न्हाय. माझी भन हाय ती. पर मला इचारावं तर लागंलच.”

आणि त्यानं विचारलं, “गोड लागलं का?”

जोतीरामला बनाबाई दिसेल असं वाटलं होतं, पण दिसली ती आक्का, दाराशी हात रिकामे ठेवून बसलेली. तीन वर्षं ती तशीच बसून राहील, तक्रार करणार नाही, त्याला वाढेल आणि ताट उचलेल. पुढं कधीतरी आमटीत मीठ आहे की नाही हे तिलाही कळेनासं होईल. आईचा विचार करणारी पुष्कळ माणसं या टेबलावर होती. पोरीचा विचार करणारा बाप एकच होता.

“गोड लागलं,” तो म्हणाला.

पाचही जणांनी श्वास सोडला. सुटलं एकदाचं, असं कुणीतरी म्हणालं. ज्ञानूनं पिशवीतनं टॉवेल-टोपी काढली, दाजीच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि त्याच्या खांद्यावरचा हात काही वेळ तसाच राहू दिला. दाजी खोटं बोललाय हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे जोतीरामलाही ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं. ज्ञानूनं आपला पेला तसाच ठेवला आणि तो कोडोलीच्या गाडीला निघून गेला.

जोतीराम चालत घरी आला. उन्हं कलली होती. बातमी त्याच्या आधीच गल्लीत पोचली होती. शेजारणी आक्काभोवती जमल्या होत्या, त्या त्याला बघून हसत पांगल्या. आक्का पुढं आली आणि बापाच्या पाया पडली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी पोरीसारखा दिसत होता.

“आता आईबी सुटली, न्हवं का आबा?” तिनं विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला. “सुटली.”

ती आत गेली. जोतीराम भिंतीला टेकून बसला, टोपी मांडीवर ठेवली. आत तिनं तेलात लसूण टाकला आणि पिठल्याची फोडणी घरभर दरवळली. वास जोतीरामच्या नाकात शिरला, घशात उतरला, आणि पोटात कळ उठली. आधी त्याला वाटलं, काही दुखतंय. मग ओळख पटली. तोंडाला पाणी सुटलं होतं. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा त्याला भूक लागली होती, आणि ती अशी की चुलीवरची भाकरी तशीच ओढून खावी.

थोड्या वेळापूर्वी ही भूक आली असती, तर एक शब्द खरा झाला असता. आता तो शब्द जाऊन पोचला होता.

आक्कानं ताट आणून पुढं ठेवलं. गरम भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. तो ताटाकडं बघत राहिला. हात त्यानं गुडघ्यावरून हलू दिला नाही.

“उचल,” तो म्हणाला. “आज पोट भरलंय माझं. तू जेव.”

आक्काला वाटलं, मामानं भरपूर खाऊ घातलं. तिनं ताट आपल्यापुढं ओढलं आणि बापासमोरच बसून ती पोटभर जेवली. जोतीराम तिच्याकडं बघत पोटातली कळ सोसत बसून राहिला. बनाबाई आज उपाशी वाटेला लागली होती, आणि तिला एकटीला उपाशी जाऊ देणं त्याच्या जिवावर आलं होतं.