महेजबीनचं लायसन

यमाईच्या यात्रेत औंधला बांगड्यांचं दुकान लावायचं, हा अश्फाक मणेरच्या घरचा वडिलांपासूनचा शिरस्ता होता. कऱ्हाडशेजारच्या मलकापुरात त्याचं छोटं दुकान होतं, पण खरा धंदा बाजारांचा आणि यात्रांचा. मोटारसायकल अश्फाक चालवायचा, मागं बायको महेजबीन बसायची आणि तिच्या पाठीशी कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली असायची. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी त्यात बदल नव्हता.

त्या वर्षी यात्रा फुटली आणि दोघं दुपारचे परत निघाले. वाटेत एका वस्तीवर लग्नाचा चुडा पोचवायचा होता, म्हणून अश्फाकनं डांबरी सोडून आतला रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये खडीचा रस्ता. चुडा देऊन पुढं निघाल्यावर गाडी उजवीकडं ओढ घ्यायला लागली.

"आवं, सरळ चालवा की," महेजबीन म्हणाली.

अश्फाकनं गाडी हळू केली, कडेला घेतली, डाव्या पायानं गिअर काढला, स्टँड लावला. महेजबीन उतरली, आणि तिच्यादेखत तो उजव्या अंगावर कलून खाली घसरला. तोंड वाकडं झालं होतं. डोळे उघडे होते.

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजायला गेली तर ते ओठांतून बाहेर आलं. त्याच्या खिशातल्या फोनवरून दिराला, फारूकला लावला. फारूकचं सांगलीत गाद्यांचं दुकान. रेंज येत-जात होती. "कुठं हाय भाभी? कोणतं गाव?" एवढंच त्याचं ऐकू आलं. कोणतं गाव, ते तिला सांगता येईना. मागं बसून ती कधी पाट्या वाचत नव्हती.

सोडून आलेली वस्ती फार लांब नव्हती. पायी जावं तर ह्याला एकटं टाकायचं. हाका मारल्या तर ऊसच ऐकायला. आणि हातभर अंतरावर गाडी चालूच होती. अश्फाकनं किल्ली फिरवलीच नव्हती. इंजिन एका लयीत फटफटत होतं, दिवा लागलेला होता. महेजबीन एकदा उठून हँडलला हात लावून आली. पण पुढं काय दाबायचं, काय ओढायचं, काहीच ठाऊक नव्हतं. ती परत येऊन खाली बसली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर पोक्त माणूस होता. त्यानं एकट्यानं अश्फाकला उचलून आत घेतलं. मग मोटारसायकलची किल्ली फिरवून तो म्हणाला, "वैनी, कवापासनं चालू हाय ही?"

महेजबीन टेम्पोत चढली आणि तिनं अश्फाकचं डोकं मांडीवर घेतलं.

जवळच्या गावातला दवाखाना बंद होता. दुसरीकडच्या डॉक्टरांनी हात लावला नाही, कऱ्हाडला न्या म्हणाले. कऱ्हाडात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी दोष कुणाला दिला नाही, फक्त सांगितलं, "मेंदूत गुठळी अडकलीय. ती विरघळायचं इंजेक्शन असतं, पण त्याची वेळ गेलीय. जीव वाचंल. बाकीचं हळूहळू बघू."

जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. बोलणं गेलं, "हां", "नको" आणि मुलीचं, नूरीनचं, नाव एवढं फक्त राहिलं.

फारूकनं मोटारसायकल आणून दारात लावली, वर जुनं पोतं टाकलं. अश्फाकची खाट ओसरीत होती. तो उठून बसायला लागला तशी त्याची खाट महेजबीननं भिंतीकडून दाराकडं फिरवली, उजेड मिळावा म्हणून. त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिला कळलं, त्याला गाडी दिसायला नको होती.

दुकानावर घर चालेना. बाजार धरायला हवे होते, आणि एसटीत काचेच्या बांगड्यांची पेटी सुखरूप राहत नाही. एका जुम्म्याला फारूक जेवायला आला तेव्हा ती म्हणाली, "मी लायसन काढते. जोतीरामच्या क्लासात चौकशी केली."

जोतीराम मलकापुरात ड्रायव्हिंगचा क्लास चालवायचा. फारूकला हायसं वाटलं. "काढा की भाभी. बिनगिअरचं काढा. स्कूटर हलकी, परीक्षा पण सोपी. ही विकून टाकू, माझ्याकडं गिऱ्हाईक हाय."

"गिअरचं काढायचं हाय," महेजबीन म्हणाली. "ह्याच गाडीवर."

"ही तुमाला पेलायची न्हाई. पाय तरी टेकतील का?"

"टेकत्यात. बघितलं मी."

खाटेवरून आवाज आला. "नको." अश्फाक डावा हात हलवत होता. "नको. नको." घास तसाच ताटात टाकून त्यानं भिंतीकडं मान केली. फारूक उठला, भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि वहिनीला हळूच म्हणाला, "त्याच्या जिवाला लागतंय. ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर दोन दिवस अश्फाक नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी नूरीन शाळेत गेल्यावर महेजबीन त्याच्या खाटेपाशी जमिनीवर बसली. रस्त्यावर काय झालं ते त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्याला आठवत नव्हतं, आणि ती बोलायचं टाळत होती.

"तुमी गाडी कडेला घेतली," ती म्हणाली. "स्टँड लावला. मला उतरू दिलं. मग पडला. न्हाईतर दोघं बी खड्ड्यात गेलो असतो."

अश्फाक तिच्याकडं बघत राहिला.

"गाडी चालूच होती. बंद कशी करायची ते पण मला ठाऊक न्हवतं. वस्ती तिथंच मागं होती, आवं. मला गाडी चालवता येत असती तर जाऊन माणसं घेऊन आले असते. डॉक्टरीणबाई म्हणल्या, वेळ गेली. ती वेळ माझ्यासमोर गेली. मी बसून ऐकत होते. रात्री झोपले की अजून त्ये इंजिन ऐकू येतं मला. तुमची गाडी घ्यायची म्हणून न्हाई. मला ती यायला पायजे. एवढंच."

अश्फाकच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसत नव्हता. तिनं पदरानं पुसलं. तेव्हा त्यानं डाव्या हातानं दाराकडं बोट केलं. आधी तिला कळलं नाही. मग ती उठली आणि तिनं गाडीवरचं पोतं काढलं.

जोतीरामचा क्लास सकाळचा. तो तिला मोकळ्या मैदानावर नेऊन शिकवायचा. "क्लच सोडताना घाई करू नका," हे तो दर वेळी सांगायचा आणि दर वेळी गाडी हिसका देऊन बंद पडायची. संध्याकाळी घरी ती गाडी मधल्या स्टँडवर चढवून बसायची. अश्फाक समोर खुर्चीत. त्याचं डावं अंग शाबूत होतं, आणि क्लच डाव्या हाताला, गिअर डाव्या पायाला. बोटं मिटून तो हवेतच क्लच धरायचा आणि इतक्या सावकाश उघडायचा, की बघता बघता तिचाही हात तसाच उघडायला लागला. पंजा जमिनीवर दाबला की गिअर टाक, टाच दाबली की काढ. ती चुकली की "नको". जमलं की नुसती मान. उजव्या हाताचं, ॲक्सिलेटरचं आणि ब्रेकचं काही दाखवायची वेळ आली की तो खाली बघायचा, आणि ती म्हणायची, "त्ये जोतीराम सांगतोय."

लर्निंगची परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. नूरीननं तिच्याकडून रस्त्यावरच्या सगळ्या खुणा पाठ करून घेतल्या होत्या. पक्क्या लायसनची परीक्षा कऱ्हाडच्या आरटीओत. जमिनीवर आठाचा आकडा आखलेला, त्यावरून पाय न टेकता गाडी काढायची. रांगेत कॉलेजची पोरं होती. बायका होत्या त्या सगळ्या स्कूटरवर. महेजबीनचा नंबर आला. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्यावर गाडी मंदावली, कलली, आणि तिनं पाय टेकला.

"पुन्हा या," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले. ते रागावले नाहीत. "बिनगिअरवर द्यायची असंल तर तशी सोय हाय, बाई. त्यात कमीपणा न्हाई."

घरी येईपर्यंत तिनं स्वतःला सावरलं होतं. पण दारात अश्फाक काठी धरून उभा होता. आजारपणानंतर तो पहिल्यांदा आपणहून उंबऱ्यापर्यंत आला होता. त्याला बघितल्यावर तिला रडू फुटलं. "पाय टेकला ओ," ती म्हणाली. अश्फाकनं मान हलवली. मग मोठ्या कष्टानं, तोंड वाकडं करत, नवाच शब्द काढला. "परत."

पुढच्या खेपेला तिनं पाय टेकला नाही. आठ पुरा करून गाडी रेषेवर आणून थांबवली, गिअर काढला, किल्ली फिरवली. साहेबांनी सही केली आणि पुढचं नाव पुकारलं. तिनं गाडी बाजूला नेली आणि हेल्मेट न काढता तशीच थोडा वेळ उभी राहिली.

महिनाभर तिनं त्या मोटारसायकलवरून बाजार केले. पण फारूकचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भरलेल्या पेटीसकट गाडी खडीवर पेलत नव्हती. मसूर गावाजवळच्या चढावर एकदा ती गाडीसकट आडवी झाली. पेटीतल्या निम्म्या बांगड्यांचा चुरा झाला. दुसरीही अडचण होती. अश्फाकला व्यायामाला दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि त्या उंच सीटवर त्याला बसवणं जमत नव्हतं. रिक्षात चढताना तो दर वेळी मोटारसायकलकडं बघायचा.

एका संध्याकाळी तिनंच विषय काढला. "हिच्यावर शिकले. आता स्कूटर घेऊ या. पुढं पेटी ऱ्हाईल. मागं तुमी बसाल."

तो नाराज होईल असं तिला वाटलं होतं. त्यानं दारातल्या गाडीकडं एकदा बघितलं आणि मान हलवली. "हां."

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी अश्फाकनं किल्ली स्वतःच्या हातानं दिली. डाव्या हातानं दिली, तेवढ्यासाठी मान झुकवून माफी मागितल्यासारखं केलं. मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाल्यावर महेजबीन स्वयंपाकघरात गेली. तो बाहेरच बसून राहिला. तिनं त्याला हाक मारली नाही.

जुनी पण चांगली राखलेली स्कूटर घरी आली. तिच्यावर अश्फाकला पाय पलीकडं टाकून बसता येईना. तो एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसला, बायका बसतात तसा. महेजबीननं एका ओढणीनं त्याला स्वतःच्या कमरेशी बांधलं. नूरीननं काठी पुढं पेटीवर आडवी ठेवली.

चौकातल्या टपरीवर चारदोन ओळखीची माणसं होती. त्यातला एकजण हसला. "काय अश्फाकभाई, आता मागं बसायची पाळी व्हय?"

महेजबीनला कमरेभोवतीची त्याची पकड घट्ट झालेली जाणवली. ती गाडी थांबवणार होती. आरशात तिनं बघितलं, त्यानं डावा हात सोडवून त्या माणसाला सलाम केला. हसणाऱ्यानं मान खाली घातली, आणि त्याच्या शेजारचा उठून म्हणाला, "सांभाळून जावा, भाभी."

पुसेसावळीच्या बाजारात तिनं जुन्याच जागी चटई अंथरली. अश्फाकला स्टुलावर बसवलं. ओळखीच्या बायका आल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, काहींनी मुद्दाम बांगड्यांच्या भावावरून भांडण काढलं, तेच तिला बरं वाटलं. एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन बसली. पोरगी बाळंतपणाहून आली होती, हात वाळून मनगटं बारीक झाली होती. महेजबीन सवयीनं तिच्या जुन्या, अडीचच्या मापाच्या बांगड्या काढायला लागली.

"नको," अश्फाक म्हणाला. त्यानं वाकून डाव्या हातानं लहान मापाचा, सव्वादोनचा हिरवा जोड ओढून काढला आणि तिच्यापुढं धरला. पोरीनं हात पुढं केला. महेजबीननं तिची बोटं गोळा केली, अंगठा आत दाबला आणि बांगड्या भरायला सुरुवात केली.