ओढ्याकाठी थांबलेल्या सहा तोफा

कॅप्टन एवाल्ट श्टुब्बे आमच्या प्रशियन तोफखान्यात आले तेव्हा त्यांच्या नावात उमराव घराण्याचं ‘फॉन’ नव्हतं, आणि लोक ही गोष्ट त्यांना विसरू देत नसत. पोमेरानियातल्या एका पाणचक्कीवाल्याचा हा मुलगा. जहागीरदारांची पोरं मेजावर मुद्दाम पाव पुढे करून विचारायची, "काय श्टुब्बे, पीठ तुमच्याकडचंच का?" साहेब पाव मोडून बघत आणि सांगत, "नाही. आमच्या पिठात एवढा कोंडा नसतो."

मी क्रिश्चान पाप्के, त्यांचा हवालदार. सोळा वर्षं त्यांच्याबरोबर काढली, त्यामुळे सांगतोय ते बहुतेक डोळ्यांदेखतचं आहे.

त्यांच्या वयाचे ‘फॉन’वाले मेजर होऊन गेले, हे कॅप्टनच राहिले. कुरकुर केली नाही. घोड्याचा खूर स्वतः उचलून बघायचे, आसाला वंगण आहे की नाही ते बोट लावून. आमच्या सहा तोफा अख्ख्या ब्रिगेडमध्ये सगळ्यात आधी मांडून तयार व्हायच्या.

अठराशे सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियाशी लढाई जुंपली आणि आम्ही बोहेमियात शिरलो. एका सकाळी हुकूम आला, ओढा ओलांडून समोरच्या टेकडीवर तोफा चढवा. पलीकडे आमचं पायदळ मार खात होतं. ओढ्यात पाणी जेमतेम घोट्याएवढं. पहिली तोफ उतरणार, तोच साहेबांनी हात वर केला आणि घोड्यावरून उतरले.

काठावरचे दगड कमरेइतक्या उंचीपर्यंत ओले होते. डबक्यात मासे तडफडत होते.

"पाप्के," ते म्हणाले, "हे पाणी आटलेलं नाही. कुणीतरी अडवलंय. वर चक्की असणार. बारा माणसं घे आणि पळ. तिच्या बंधाऱ्याचं दार कुणाला उघडू देऊ नकोस."

आम्ही निघणार एवढ्यात कर्नल फॉन रेकेन्टीन घोडा फेकत आले. तोफा का थांबल्या म्हणून त्यांनी विचारलं. साहेबांनी दगड दाखवले, मासे दाखवले. कर्नलना पटलं नाही. पलीकडे माणसं मरताहेत आणि तुम्ही मासे काय बघताय, असं ते म्हणाले आणि हुकूम पुन्हा दिला.

"तोफा आत्ता उतरणार नाहीत, साहेब," श्टुब्बे म्हणाले.

"मग तलवार द्या. तुम्ही अटकेत आहात."

साहेबांनी पट्टा सोडला आणि तलवार त्यांच्या हातात ठेवली. "तलवार घ्या. पण माझ्या जागी जो येईल त्याला आधी हे दगड बघू द्या."

पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी धावत होतो. चक्कीपाशी शत्रूचे आठ-नऊ शिपाई बंदुका आणि कुऱ्हाडी घेऊन बसले होते. गोळीबार झाला. आमचे दोघे पडले, त्यांचे पाच. पण त्यांतल्या एकाने मरता मरता दाराचा खुंट तोडला आणि बंधाऱ्यामागचं तळं सुटलं.

खाली काय झालं ते सोबत्यांनी नंतर सांगितलं: पाणी ओंडके घेऊन आलं, माणसाच्या गळ्याएवढं. तोफा उतरवण्याआधी कर्नलनी पाणी बघायला पाठवलेला त्यांचा मदतनीस घोड्यासकट वाहून चालला होता. त्याला दोरी टाकून काढलं. तोफ एकही आत नव्हती. तासाभरात तळं रिकामं झालं, आणि कर्नलनी स्वतःच श्टुब्बेंना तोफा न्यायला सांगितलं. दुपारच्या आत आम्ही टेकडीवर होतो. पायदळ तगलं.

संध्याकाळी कर्नलनी सगळ्यांसमोर तलवार परत केली. "हुकूम मोडला म्हणून तीन दिवस खोलीत अटक," ते म्हणाले. "तोफा वाचवल्या म्हणून मेजरच्या हुद्द्यासाठी शिफारस. दोन्ही कागदांवर सही माझीच आहे."

"दोन्ही मंजूर, साहेब."

ते तीन दिवस त्यांनी गावच्या पाद्र्याच्या घरी काढले. मी सूप घेऊन गेलो तेव्हा ते चक्कीपाशी पडलेल्या दोघांच्या आयांना पत्रं लिहीत बसले होते. "पाणी मला कळलं," मान वर न करता ते म्हणाले. "वर किती जण बसलेत ते कळलं नाही. तुला वीस माणसं द्यायला हवी होती." मी सूप त्यांच्यापुढे सरकवलं. वीस न्यायला हवे होते, हे खरंच होतं.

सत्तर साली फ्रान्सशी झालेल्या लढाईत त्यांचा डावा कान गेला, पण हुद्दा वाढत राहिला. शेवटी ते तोफखान्याच्या शाळेत शिकवायला लागले. वर्ग नदीकाठी भरायचा. पाणी बघून त्याची खोली आणि ओढ सांगितल्याशिवाय पोरांना तोफेला हात लावू देत नसत. एकदा निवृत्त रेकेन्टीन तिथे आले, सुजलेला पाय स्टुलावर टेकून बसले आणि मध्येच खोली सांगून मोकळे झाले.

"चूक," श्टुब्बे म्हणाले. "दीड हात जास्त सांगितलीत. पुन्हा बघा, साहेब."

पोरांनी माना वळवल्या. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, नदीकडे नीट पाहिलं आणि नवा आकडा सांगितला. तो बरोबर निघाला.