पाहुण्याची खोली

या मंडळी, अशी जवळ सरून बसा. दोन सख्ख्या भावांची गोष्ट सांगतो. रक्त आहे तिच्यात, पण कान देऊन ऐका.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात डिस्कची कपाटं होती. जुन्यातला सगळा डेटा नव्यात उतरवायचं काम थोरल्याकडे, हाताखाली पाठचा भाऊ. नवं कपाट मोठं गोडबोलं. जागा विचारली की ऐसपैस सांगायचं, प्रत्यक्षात निम्मीही नसायची. आणि खरी जागा संपली की सगळ्यांनाच दारं बंद. म्हणून या भावांची एक रीत होती: थोडी जागा आधीच अडवून ठेवायची, अडीनडीला मोकळी करायची. तिला ते पाहुण्याची खोली म्हणत.

त्या दिवशी जुनं कपाट न्यायला ट्रक दारात उभा होता. ते आज रिकामं करून देतो, असा थोरल्याने साहेबांना शब्द दिलेला. त्याने सकाळीच पाहुण्याची खोली मोडून कॉपीला देऊन टाकली. भावाला सांगितलं नाही. देवाला मात्र सांगितलं, आजचा दिवस सांभाळून घे. देव बिचारा ऐकून घेतो.

दुपारी जवळच्या कारखान्यात बॉयलर फुटला. भाजलेली, चिरडलेली माणसं येऊ लागली. कवट्यांचे, बरगड्यांचे फोटो नव्या कपाटात बदाबदा पडू लागले.

"दादा, जागा संपतेय," धाकटा म्हणाला. "पाहुण्याची खोली सोड."

"ती सकाळीच गेली."

"पाहुणे तर आत्ता आलेत, दादा."

"मला शिकवू नकोस. तुझं नाक पुसलंय मी."

तेवढ्यात फोन वाजला, धाकट्याने उचलला. शस्त्रक्रियेच्या खोलीत थोरल्याचीच बायको नर्स होती. "भाऊजी, फोटोचा पडदा काळा पडलाय. डॉक्टरांचे हात माणसाच्या डोक्यात आहेत."

फोन तसाच टाकून धाकटा कीबोर्डकडे वळला. "अर्धवट कॉपी पुसतो. जुन्यात सगळं शाबूत आहे."

"आणि माझा शब्द?" थोरल्याने त्याची मान धरून त्याला कपाटावर आदळलं. दात फुटले. धाकट्याने कोपर मारून त्याला पाडलं. उठताना थोरल्याच्या हाताला कपाटाची लोखंडी पट्टी लागली. पहिल्या घावात कान फाटला. धाकटा गुडघ्यांवर रांगत पुढे गेला, रक्ताळलेल्या बोटाने त्याने कळ दाबली, आणि दुसरा घाव डोक्यात बसला.

टेबलावरून लोंबकळणाऱ्या फोनमध्ये बायको बोलत होती. "आला, पडदा आला. भाऊजी, ऐकताय ना?"

थोरल्याच्या हातून पट्टी गळली. ज्याला लहानपणी कडेवर घेतलं होतं, त्याला तसंच उचलून तो जिना चढला. वर डोक्याचा फोटो काढला. तो फोटो धाकट्यानेच मोकळ्या केलेल्या जागेत जाऊन बसला, अन् पडद्यावर लख्ख उमटला. इतका लख्ख, की डॉक्टरांनी हत्यार उचललंच नाही. वहिनीने दिराचे डोळे मिटले आणि नवऱ्याकडे पाहिलं नाही.

पलीकडच्या टेबलावरचा कामगार वाचला. ट्रक रिकामा गेला. थोरला स्वतःच्या पायाने पोलिसांत गेला.

त्याचं काय करायचं ते देव बघेल. तुम्ही एवढंच करा, बाबांनो: कधी कुणासाठी थोडी जागा राखून ठेवलीत, तर त्या धाकट्याची आठवण काढा.