उकंड्यावरचं बारसं

सत्यभामाबाईंनी उकंड्याच्या, घरामागच्या उकिरड्याच्या, कडेला सूप टेकवलं आणि ते लगेच कलंडायला लागलं. सुपात सव्वा महिन्याची नात होती, मुठी आवळून झोपलेली.

"तो दगड काढ वं आंधी," त्या सुनेला म्हणाल्या.

कोकिळाने वाकून चपटा दगड उचलला आणि दगड हातात तसाच राहिला. खालच्या ओलसर खळगीत वीतभर गोम वेटोळं घालून पडली होती. तपकिरी पाठ, पिवळे पाय. उजेड अंगावर आला तरी ती पळाली नाही. उलट वेटोळं आणखी आवळून घेतलं.

"माय वं!" शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलं. "पाह्यता काय? ठेचा तिले!"

"मारू नका!"

ओसरीवरून पोरीचे वडील वामनराव धावत आले. वडनेरच्या शाळेत ते मास्तर होते. नागपूरच्या अजबबंगल्यातल्या, म्हणजे संग्रहालयातल्या, एका साहेबांना इकडच्या गोमा गोळा करून, नावं लावून पाठवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्यामुळे घरात कोणाच्या पायाखाली काही वळवळलं, की ते भिंग आणि रुंद तोंडाची बाटली घेऊन हजर. ते उकंड्यावरच गुडघे टेकून बसले.

"पिलं हायेत पोटाशी," ते हळूच म्हणाले. "अशी नाई सापडत कोणाले."

बाटलीचं बूच निघालं. स्पिरिटचा उग्र वास आला.

"जपून घ्या लागते. धक्का लागला तं पिलं टाकून देते. कधी खाऊनही टाकते."

"मंग हलवता कायले?" कोकिळा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. वामनरावांनी मान वर करून पाहिलं.

"पिलं जाऊ द्या तिचे. मंग न्या."

"तोवर ते राह्यते थोडीच इथं!"

पण सत्यभामाबाईंनी दगड सुनेच्या हातून घेतला आणि होता तसा अलगद ठेवून दिला. "सूप ठेवाच्या जागी लेकुरवाळी निघाली. आजच्या दिशी तिले हात नाई लावाचा, वामन. चल, सूप तिकडं सरकव."

सूप पलीकडे सरकलं आणि राहिलेलं काम उरकलं. या पोरीच्या आधीचा हिंमत. त्याचं बारसं वाजतगाजत झालं होतं, गावभर साखर वाटली होती, आणि तो रांगायच्या आतच गेला. म्हणून ही पोरगी उकंड्यावर टाकायची. जिची सगळी लेकरं जगली त्या अन्नपूर्णाबाईंनी ती उचलायची, मूठभर कोंड्याच्या बदल्यात आईला विकायची आणि नाव ठेवायचं उकंडी. अशा नावाला कोणाची दृष्ट लागणार?

"घे वं, कोंड्याच्या भावानं देली," अन्नपूर्णाबाई हसल्या. "महाग पडली तं सांगजो."

उकंड्याचं कोकिळाला काही वाटलं नाही. कोंड्याचंही नाही. नावाचं वाटलं. रोज तेल लावताना दार ओढून घेऊन ती पोरीच्या कानाशी 'शेवंती' म्हणायची. हे कोणाला ठाऊक नाही, असं तिला वाटायचं. मास्तर एक शब्द बोलले असते तर सासूबाईंनी ऐकलं असतं. पण मास्तर हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. सव्वा महिन्यात त्यांनी पोरीला एकदाही उचललं नव्हतं. रडली तर म्हणायचे, "पाह्य बरं, ते रडून राह्यली."

त्या दिवसापासून शाळा सुटली की वामनराव उकंड्यापाशी जायचे आणि दगड बोटभर उचलून बघायचे. कोकिळा राख टाकायला यायची ती पोरीला खांद्याशी घेऊनच. एकदा त्यांनी भिंग तिच्यापुढे धरलं.

"पाय मोज."

"लय हायेत."

"लय नाई. एकवीस जोड्या. डोक्याखाली आकड्यावानी दिसतात ना, ते मूळचे पायच. पण चालाचे नाई, चावाचे. इख त्याच्यात. अन् हे शेवटचे दोन मांगं वढत नेते. त्याच्यावर बारीक काटे राह्यतात. ते कुठं अन् किती, त्यावरून नाव ठरते."

"मंग मोजा ना काटे."

"जित्ती मोजू देते का ते? बाटलीत गेल्याबिगर नाव नाई लागत."

गोम मान वळवून एकेका पिलाला तोंडाने साफ करत होती. बुरशी लागू नये म्हणून ती असं करते, असं त्यांनी सांगितलं. पिलं पांढरी होती, शिजल्या भाताच्या शितांसारखी.

"नाव नाई लागलं तं जगत नाई का ते?" कोकिळाने विचारलं.

वामनरावांनी धोतराच्या सोग्याने भिंग पुसलं. ते स्वच्छच होतं. तरी पुसत राहिले.

"नाव ठेवल्यावर जगतेच, असंही नाई," ते म्हणाले.

कोकिळाने पोरीचं दुपटं सारखं केलं. सासूबाई वंगाळ नाव ठेवून नशिबाला चकवत होत्या. आणि हा शिकलेला माणूस नावच न घेऊन.

पुढे एका दुपारी ती आली तेव्हा दगड बाजूला काढलेला होता. खळगी रिकामी होती. वामनराव तळहातावर काहीतरी घेऊन भिंगातून बघत होते. बाटली बाजूला पडली होती, बूच घट्ट लावलेलं.

"गेली?"

"गेली. काल पिलं सुटे होऊन फिरून राह्यले होते."

"काल? मंग काल काऊन नाई घेतली?"

"उजेड कमी होता," ते म्हणाले.

काल चांगलं लख्ख ऊन होतं. 

त्यांच्या तळहातावर एका पिलाची कात होती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते काडीच्या टोकाने एकेक पाय सोडवत होते. "पाह्य. एकवीसच्या एकवीस. भिंतीवर ते लंब्या पायाची गोम फिरते ना, तिच्या पिलाले पाय मांगून फुटतात. हिच्या पिलाले नाई. पहिल्या दिवसापासून सगळे पुरे. आता फक्त वाढाचं."

"अन् तिचं नाव?"

"राह्यलं. साहेबाले लिहीन, सापडली नाई म्हणून."

त्यांनी कात फुंकरीने उडवून दिली. हात झटकले, धोतराला पुसले, परत पुसले. मग ते दोन्ही हात कोकिळापुढे झाले.

"आन इकडं."

तिने पोरगी दिली. त्यांना नीट धरता येईना. मान सावरायला गेले तर दुपटं सुटलं. शेवटी ते तिथेच मांडी घालून बसले, पोरीला मांडीवर उताणी घेतली आणि भिंग तिच्या पावलावर धरलं. पोरीने पाय झाडले.

तेवढ्यात सत्यभामाबाई केराची टोपली घेऊन आल्या. "उकंडीले इथं कायले घेऊन बसला बे?"

वामनरावांनी मान वर केली नाही. एका हाताने त्यांनी ते इवलंसं पाऊल धरलं.

"शेवंते, पाय नको हलवू," ते म्हणाले. "मोजून राह्यलो ना मी."

 सत्यभामाबाईंनी केराची टोपली डोक्यावर सावरली आणि दुसऱ्या बाजूने वळसा घालून, धूळ उडणार नाही अशी, हळूच रिकामी केली.