मितालीने हलका केलेला चाप

मी पिस्तूल बोलतोय. हात खाली घ्या, मी खेळण्यातलं आहे. जपानमध्ये खरं पिस्तूल सामान्य माणसाच्या नजरेसही पडत नाही. ज्यांना नेमबाजीची हौस असते त्यांच्यासाठी आम्ही असतो. आमच्या पोटात गॅस आणि नळीत साबुदाण्याएवढा प्लास्टिकचा छर्रा. पत्र्याच्या ताटलीवर तो ‘टिंग’ करून आपटला की मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी उड्या मारतात.

माझा पहिला मालक एक निवृत्त आजोबा. त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि वर्षानुवर्षं फक्त पुसलं. चाप एकदाही ओढला नाही. देव्हाऱ्यातल्या देवाला निदान नैवेद्य तरी मिळतो! मग एक दिवस आजोबा मुलीकडे राहायला गेले आणि मी टोकियोच्या अकिहाबारा बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. तिथे मला मिताली भेटली.

मिताली लहानपणीच पुण्याहून जपानला आलेली. आईबाबांबरोबर टोकियोजवळ ग्योतोकुला राहते, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुकानात तिने मला उचललं, चाप दाबला आणि तोंड वाकडं केलं.

“हा चाप आहे की गंजलेला नळ?”

माझा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. पण तिने मला घरी नेलं ते त्या नळासाठीच.

तुम्हाला वाटत असेल, चाप म्हणजे काय, ओढला की सुटला. तसं नाही. आधी बोटाखाली थोडी ढिलाई असते. मग एक अडसर लागतो, उंबरठ्यासारखा. तो ओलांडला की आतला खटका सरकतो आणि मागचा घोडा हातोडीसारखा पडतो. हे सगळं कसं जाणवेल ते माझ्या पोटातल्या चार-दोन स्प्रिंगा आणि त्या इवल्याशा खटक्यावर ठरतं. मितालीने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मला उघडलं. खटका घासून आरशासारखा केला. एक स्प्रिंग काढली, दुसरी घातली, डोळे मिटून दाबून पाहिलं, पुन्हा काढली. डोळे मिटून कोणी इतकं लक्षपूर्वक आपल्याला ऐकतंय, यासारखं सुख नाही.

तिच्या बाबांना, म्हणजे रविकांतरावांना, हे सुख दिसत नव्हतं. ते बँकांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहेत.

“मिताली, तुला इंजिनिअरिंगला घातलं ते स्प्रिंगा बदलायला?”

“मग काय करतात इंजिनिअरिंगला, बाबा? भजन?”

ओसाकाला ओनो-सान नावाच्या बाईंची एक कार्यशाळा आहे. लोक आपापली पिस्तुलं तिथे पाठवतात आणि चाप मनासारखा करून घेतात. त्यांना एक माणूस हवा होता. परीक्षा नाही, काही नाही. स्वतः जुळवलेलं एक पिस्तूल घेऊन या, एवढंच. मितालीला ती नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, त्या विचाराने तिला जेवणही गोड लागत नव्हतं. बाबांनी मात्र आपल्या साहेबांकडे तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

“ओसाकाने नाही म्हटलं तर मुकाट्याने माझ्या ऑफिसात. कबूल?”

“कबूल. पण नाही म्हणणारच नाहीत.”

म्हणून तिने माझा चाप आणखी हलका केला. इतका, की बोट टेकलं न टेकलं तोच घोडा पडावा. मीही छाती फुगवली. एवढा हलका चाप अख्ख्या अकिहाबारात नसेल!

जायचा दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. पुण्याहून सुहासिनीआत्या आली होती, रविकांतरावांची मोठी बहीण. तिने सकाळीच घर ताब्यात घेतलं. आपट्याची पानं मिळेनात म्हणून स्टेशनसमोरच्या गिंको झाडाची पानं वेचून आणली. तीही जुळीच असतात. झेंडू मिळेना म्हणून पांढरी शेवंती आणली.

“आत्या, ही फुलं इथे मयताला नेतात गं!”

“देवाला काय माहीत आपण जपानात आहोत? आण ते पिस्तूल. शस्त्रपूजा आहे आज.”

“दामे! अजिबात नाही. ते माझं काम आहे, शस्त्र नाही. हात लावायचा नाही कोणी!”

“बाई बाई, केवढा तो आवाज. तुझ्या बापाची मी मोठी बहीण आहे हो.”

“म्हणून काय पिस्तूल तुझं झालं?”

दाणदाण पाय आपटत मिताली आंघोळीला गेली. आत्याने नळाचा आवाज सुरू होईपर्यंत वाट पाहिली आणि मला पेटीतून अलगद उचललं. पाटावर लॅपटॉप, विळी, रविकांतरावांचा स्क्रूड्रायव्हर आणि मी. हळद लागली, कुंकू लागलं. “पोरीला यश दे रे बाबा,” असं म्हणत तिने मूठभर अक्षता सोडल्या. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे काही मागितलं होतं. तेवढ्यात कुंकवाने ओला झालेला एक तांदूळ घोड्याच्या मागच्या फटीतून सरळ माझ्या पोटात गेला. आत्याने मला पुसून पेटीत ठेवलं; पेटी उघडली ती थेट ओसाकाला.

वाटेत मितालीने मला एकदाही बाहेर काढलं नाही. कसं काढणार? शिनकान्सेन बुलेट ट्रेनच्या डब्यात पिस्तूल दिसलं तर पुढच्या स्टेशनवर पोलीस हजर. मी आत अंधारात तांदूळ चावत बसलो होतो आणि ती खिडकीपाशी स्वप्नं बघत बसली होती.

ओनो-सान छोट्याशा, केस पांढरे झालेल्या बाई. त्यांनी मला हातात घेतलं. गॅस आणि छर्रे नाहीत ना, ते आधी पाहिलं. मग घोडा मागे ओढून चाप दाबला.

करऽऽकच. आणि अडकला.

मितालीचा चेहरा पांढराफटक. तिने मला जवळजवळ हिसकावलंच. खिळ्या काढल्या, स्प्रिंगा क्रमाने मांडल्या, आणि खटक्यापाशी रुतलेला लाल तांदूळ चिमट्याने ओढून काढला.

“हे काय?” ओनो-साननी विचारलं.

“तांदूळ. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आत्याने माझ्या नकळत केली.” तिने चिमटा टेबलावर आपटला. “नाही म्हटलं होतं मी! ती कोणाचं ऐकूनच घेत नाही.”

मितालीने भराभर मला जोडलं. त्यांनी पुन्हा चाप दाबला. टक्. पुन्हा टक्. मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

“मिताली-सान, तुमचा चापही ऐकून घेत नाही. मी अजून ठरवतेय, तोवर हा सुटलासुद्धा.”

“हलकाच तर हवा असतो!”

“कोणाला?”

“मला!”

“बरं. इथे पिस्तुलं दुसऱ्यांची येतात.”

झालं. आता ही पाय आपटणार, असं मला वाटलं. तिने ओठ चावला. मला हातात घेतलं आणि या वेळी डोळे मिटून अगदी सावकाश दाबलं. अडसर लागलाच नाही. उंबरठा तिनेच काढून टाकला होता. मग काही न विचारता तिने मला पुन्हा उघडलं, सोबत आणलेल्या सुट्या भागांच्या डबीतून माझी मूळची ताठ स्प्रिंग काढली आणि गुळगुळीत खटका तसाच ठेवून ती चढवली. नळ म्हणून हिणवलेली माझी स्प्रिंग! ती म्हणाली, “आता बघा.”

ओनो-साननी दाबलं. ढिलाई. अडसर. तिथे त्यांचं बोट थांबलं. मीही थांबलो. मग त्यांनी ठरवलं, आणि काच तडकावी तसा स्वच्छ घोडा पडला.

“केव्हापासून ये…” त्यांनी विचारायला घेतलं.

“तुम्ही म्हणाल तेव्हा!” त्यांचं वाक्य संपायच्या आतच मिताली म्हणाली.

ओनो-सान पहिल्यांदाच हसल्या. “चाप झाला. तुम्हाला जरा वेळ लागेल.”

स्टेशनवरूनच मितालीने घरी फोन लावला. आत्याने उचलला आणि नोकरीचं ऐकताच “पूजा केली म्हणून झालं हो!” असं जाहीर करून टाकलं. तिथे जी खडाजंगी उडाली ती मी पेटीतूनही ऐकली. आत्याचं पाऊल मागे नाही, मितालीचं त्याहून नाही. शेवटी मागून रविकांतरावांचा आवाज आला, “अगं, ओसाकाला राहणार कुठे, ते तरी सांगा मला कोणी!”

आता मी ओनो-सानच्या कार्यशाळेत, मितालीच्या टेबलावर असतो. गिऱ्हाईक आलं की ती आधी मला त्याच्या हातात देते आणि विचारते, “याहून हलका हवा, की जड?” त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत ती स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाही. हे शिकायला तिला फार जड गेलं. घरून फोन आला की आत्याचंही वाक्य ती पूर्ण होऊ देते. मग भांडते.

माझ्या पोटातलं आता जवळपास सगळं बदललंय. तरी मी मीच आहे, असं मला वाटतं, कारण मला दाबणारं बोट तेच आहे. कधी ओसाकाला आलात तर या. मला हातात घ्या, चाप अडसरापर्यंत आणा आणि तिथे क्षणभर थांबा. तेवढा एक क्षण मला फार आवडतो.