उत्तरेची बाजू

हातातला विळा गवतात टाकून हेस्टर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मेजर थॅकरची मुलगी रोझलिंड चिखल चुकवत चर्चच्या आवारात येत होती. या चर्चच्या हॉकॉट गावात आता तीनच घरांत चूल पेटे. बाकीची घरं मेजरने पाडली होती, शिकारीच्या पाखरांना रान मोकळं हवं म्हणून.

"बाबांच्या कबरीसाठी जागा हवी होती," रोझलिंड म्हणाली. "दक्षिणेला, आजोबांशेजारी."

"पाद्रीसाहेबांना विचारलंत?"

"ते म्हणाले, तिथलं सगळं हेस्टरबाई बघतात. विश्वस्त त्याच."

हेस्टरला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घरं पाडली तेव्हा विश्वस्त होता मेजर. त्यांचं घर पाडलं त्याच आठवड्यात तिच्या भावाने, एमॉसने, कोठारात गळफास घेतला. मेजरने कबरीसाठी उत्तरेकडे बोट दाखवलं. उत्तर म्हणजे चर्चच्या सावलीतली बाजू. बाप्तिस्म्याआधी गेलेली तान्ही आणि जीव दिलेली माणसं तिथे पुरत. एमॉससाठी घंटासुद्धा वाजवू दिली नाही. हेस्टरने ते गिळलं होतं, पचवलं नव्हतं.

"दक्षिण भरली, बाईसाहेब. उत्तरेला आहे एक जागा. आमच्या एमॉसच्या शेजारी."

रोझलिंडचा चेहरा पडला.

"लोक काय म्हणतील?"

"लोक? लोक कुठे ठेवलेत तुमच्या वडिलांनी?"

शनिवारी मेजर उत्तरेला गेला. घंटाघराची किल्ली हेस्टरच्या खिशात होती आणि ती तिथेच राहिली. रोझलिंडची मोटार वळणाआड जाईपर्यंत ती फाटकाशी उभी होती. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

कबर खणणारा शेजारचा नॅट माती सारखी करत होता.

"जिरवलीस बघ म्हाताऱ्याची," तो म्हणाला. "पण उत्तरेची बाजू संपली आता. पुढे भिंतीपर्यंत नुसती गारगोटी, फावडं शिरत नाही."

"संपू दे."

"अगं, एमॉसजवळ येईन म्हणायचीस ना तू?"

हेस्टरने ओल्या मातीकडे पाहिलं. मग ती हळूहळू चर्चला वळसा घालून पलीकडे दक्षिणेला गेली. तिथे थॅकर मंडळींच्या रांगेत, मेजरच्या बापाशेजारी, एकच जागा रिकामी होती. नॅटही मागोमाग आला आणि त्याने तिथे फावडं रोवून पाहिलं.

"ऊन चांगलं येतं इथे," तो म्हणाला.